दस्तरखानाभोवतीचे मुके पाहुणे

मगरिबच्या अजानला अजून दहा-पंधरा मिनिटे असतात. दस्तरखान अंथरलेले असते, खजूर वाटीत मांडलेले असतात, भज्यांचा शेवटचा घाणा कढईत असतो. अशा वेळी मोहल्ल्यातल्या मांजरांना वेळ कोण सांगते, हे एक कोडेच आहे. रमजानचा पहिला आठवडा उलटला, की ती अजानच्या आधीच खिडकीत, जिन्याच्या पायरीवर, उभ्या मोटारसायकलच्या सीटवर येऊन बसतात. गल्लीतले कुत्रे हलीमच्या देगीपासून चार हात अंतर राखून पुढचे पाय पसरतात. कुणी कुणाला हाकलत नाही. महिनाभर हा जणू अलिखित करारच असतो.

दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक चटकन दिसते. त्यामुळे इफ्तार आटोपल्यावर ताटातला उरलेला घास, चोखलेले हाड, वाटीच्या तळाशी राहिलेला शीरखुर्मा या मुक्या पाहुण्यांपुढे जातो. ठेवणाऱ्याच्या मनात सवाबाची, म्हणजे पुण्याची भावना असते आणि तिच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे. सणासुदीच्या ताटातले अनेक पदार्थ माणसाला चालतात, कुत्र्या-मांजरांना चालत नाहीत आणि त्यातले काही तर थेट जिवावर बेततात. मायेने दिलेला घास विषासारखा काम करू शकतो, हे फार थोड्या घरांत माहीत असते. दिवाळीच्या फराळाला आणि नाताळच्या केकलाही हे तितकेच लागू आहे. पण महिना रमजानचा आहे, म्हणून बोलणे आमच्या दस्तरखानापासून सुरू करू.

ज्या सोबत्याकडून पैगंबर मुहम्मद (स.) यांची सर्वाधिक वचने पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली, ते अबू हुरैरा या नावाने ओळखले जातात. हे त्यांचे खरे नाव नव्हे. मांजरीच्या पिल्लाच्या लळ्यावरून पडलेले ते टोपणनाव आहे. मराठीत ‘मनीवाले’ म्हणता येईल. त्यांच्याच काळातले दुसरे एक सोबती, अबू कतादा. त्यांची सून कबशा त्यांना वुजूसाठी, म्हणजे नमाजपूर्वीच्या हातपाय धुण्यासाठी पाणी ओतून देत होती. तेवढ्यात एक मांजर आले. अबू कतादांनी भांडे तिच्याकडे कलते केले आणि तिचे पिऊन होईपर्यंत धरून ठेवले. सून चकित होऊन पाहत राहिली, तेव्हा त्यांनी सांगितले की मांजर अपवित्र नाही, ती आपल्या घरात ये-जा करणाऱ्यांपैकीच एक आहे, असे पैगंबरांनी सांगितले आहे. बाहीवर झोपलेली मांजर उठू नये म्हणून पैगंबरांनी बाही कापली, ही गोष्ट दर रमजानला मोबाइलवर फिरते. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही. ज्या सापडतात त्या पुरेशा बोलक्या आहेत.

कुत्र्याचा प्रश्न थोडा वेगळा. त्याची लाळ लागली तर भांडे-कपडे धुऊन शुद्ध करावे लागतात, म्हणून बहुतेक मुस्लिम घरांत कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नाही. यावरून मुसलमानांना कुत्र्याचा तिटकारा असतो, असा एक समज पसरला आहे. आणि खरे सांगायचे तर आमच्यातल्याही काहींनी तो खरा करून दाखवायचा चंग बांधलेला असतो. पण गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची जी कथा कुरआनात आहे, तिच्यात त्यांचा कुत्रा दाराशी पुढचे पाय पसरून सोबत करतो. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक वाटसरू विहिरीत उतरला, चामडी मोज्यात पाणी भरून दातांत धरून वर आला आणि तेवढ्या कामावर ईश्वराने त्याला क्षमा केली, ही हदीस तर मदरशातली लहान मुलेही सांगतात. उलट बाजूची हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या खायलाही सोडले नाही; ते मेले आणि तिला शिक्षा झाली. तिने मांजराला मारले नव्हते. ज्याचे खाणे-पिणे आपल्या हातात घेतले त्याचा हिशेब आपल्याकडे मागितला जातो, एवढाच या गोष्टीचा अर्थ मला दिसतो.

या गोष्टींत एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कुत्र्याला पाणी पाजले, मांजरीपुढे पाण्याचे भांडे कलते केले. पाणी सगळ्यांनाच चालते. बाकीच्या ताटाबद्दल मात्र विचारून घ्यावे लागते.

बेदाणा, द्राक्ष आणि चिंच

आमच्या शेजारच्या काकूंकडे मोती नावाचा लॅब्रेडॉर आहे. मागच्या ईदला काकूंचा नातू आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेला. त्यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने कौतुकाने मोतीला वाटीभर दिला. मोतीने वाटी लखलखीत केली. रात्री साडेदहाला काकूंचा फोन आला.

“अगं, शीरखुर्म्यात तू काय काय घालतेस, सांग बरं एकेक करून.”

मी मोजू लागले. शेवया, दूध, तूप, खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते, बेदाणे...

“थांब. डॉक्टर म्हणतात, बेदाणे किती?”

मोतीला दोनदा उलटी झाली होती आणि तो कोपऱ्यात निपचित पडला होता. काकांनी वेळ न घालवता त्याला गाडीत घातले होते आणि काकू दवाखान्यातूनच बोलत होत्या. पुढचे तीन दिवस मोती सलाईनवर होता. रोज रक्त तपासून मूत्रपिंडाचे काम पाहिले गेले. तो वाचला. उलट्या थांबल्या की बरे वाटेल, असे म्हणून रात्र काढली असती, तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितले.

द्राक्षे, बेदाणे आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. आधी उलट्या, मग मलूलपणा, खाणे बंद. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. किती खाल्ले तर चालेल, असे प्रमाण ठरलेले नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोड्याशाने आजारी पडतो. म्हणून ‘आमच्या टॉमीने खाल्ले होते, काही झाले नाही’ हा दाखला कुणी दिला, तर तो मनावर घेऊ नये.

असे का होते, हे बरीच वर्षे कळत नव्हते. त्याचा धागा सापडला तो मजेशीर रीतीने. अमेरिकेत एका कुत्र्याने मुलांची घरी बनवलेली खेळण्याची माती खाल्ली आणि त्याची मूत्रपिंडे बिघडली. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होते, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच एक क्षार. तेच आम्ल द्राक्षातही भरपूर असते. विषबाधांचा सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या पशुवैद्यांना हे साम्य खटकले आणि २०२१ मध्ये त्यांनी ते शास्त्रीय नियतकालिकात मांडले. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार हे आम्ल कमी-जास्त होते. एका कुत्र्याला बाधते आणि दुसऱ्याला नाही, यामागचे एक कारण तेच असावे. पुढे याच पशुवैद्यांच्या नोंदींत चिंच खाऊन मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्यांचीही भर पडली, कारण चिंचेतही हे आम्ल भरपूर आहे. ही बातमी अमेरिकेपेक्षा आपल्याला जास्त लागू पडते. इफ्तारच्या दहीवड्यावरची चटणी, चिंचगुळाची आमटी, भेळेचे आंबट-गोड पाणी, सगळीकडे चिंच.

सध्या रमजान आणि द्राक्षांचा हंगाम जोडीने येत आहेत. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. आता तो नाशिक-सांगलीच्या द्राक्षांच्या ऐन भरात आला आहे. इफ्तारच्या फळांच्या ताटात द्राक्षांचा घड नाही, असे घर विरळा. तासगावचा बेदाणा तर सगळ्याच धर्मांच्या सणांत आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात तो आहे, बेसनाच्या लाडवावर टोचलेला आहे, नाताळच्या प्लम केकमध्ये मुठीमुठीने आहे. कुत्रा पाळणाऱ्या घरात या सगळ्या ताटांची उंची वाढवलेली बरी. मांजरे सहसा गोडाच्या वाटेला जात नाहीत, तरी त्यांच्यापुढेही बेदाणा ठेवू नये.

कांदा चार दिवसांनी बोलतो

आमच्या महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी ईदच्या सुट्टीनंतर दोन दिवस आलीच नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले. “मॅडम, आमची चिंकी गेली,” म्हणाली. मांजर ईदच्या दिवशी ठणठणीत होते. चौथ्या दिवशी ते उठेना, श्वास जोरात चालू झाला. घरच्यांना वाटले, ऊन लागले असावे. दवाखान्यात नेले तर डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सणात काय घातले होते? कोरम्याचा रस्सा चपातीत कालवून. दोन-तीन दिवस, दोन्ही वेळा.

कांदा आणि लसूण या कुळातल्या वनस्पतींत गंधकाची काही संयुगे असतात. कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांच्यापुढे टिकत नाहीत, त्या फुटत जातात आणि प्राणी रक्तहीन होतो. मांजर यात सर्वांत नाजूक. मांजराच्या दर किलो वजनामागे सुमारे ५ ग्रॅम कांदा रक्तावर परिणाम करायला पुरतो. आपले साधारण मांजर ४ किलोचे धरा. म्हणजे २० ग्रॅम, मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. कुत्र्यात हे प्रमाण दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅमच्या आसपास जाते. लसूण कांद्याहून तीव्र. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने यातले काहीही जात नाही. उलट बिर्याणीवरच्या तळलेल्या कांद्यात पाणी उडून गेलेले असते, म्हणून चिमूटभर कांद्यातही पुष्कळ कांदा असतो. रोज थोडा-थोडा पोटात गेला तरी परिणाम साचत जातो.

खरा धोका उशीर होण्यात आहे. बेदाण्याची उलटी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसते. कांद्याचा परिणाम अनेकदा तीन-चार दिवसांनी दिसतो. तोपर्यंत दस्तरखान उचललेले असते, ईद संपलेली असते, मुले शाळेत गेलेली असतात आणि मांजराच्या आजाराचा संबंध कोरम्याशी लावायचे कुणाला सुचत नाही. थकवा, पांढुरक्या हिरड्या, धापा, तांबूस-तपकिरी लघवी ही लक्षणे सणानंतरच्या आठवड्यात दिसली, तर डॉक्टरांना रश्श्याबद्दल आपणहून सांगावे.

कोरमा, हलीम, खिमा, बिर्याणी, कबाब, या सगळ्यांचा पाया कांदा-लसूणच आहे. तेव्हा ‘थोडे मटण धुऊन घातले’ हाही उपाय नव्हे. मसाला आत मुरलेला असतो.

‘हाडे तर कुत्र्याचेच खाणे’

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, की वाद घालायला जीव नको होतो. हाड कच्चे असते तेव्हा त्यात लवचीकपणा असतो. शिजले, भाजले, तळले, की ते ठिसूळ होते आणि चावल्यावर त्याच्या टोकदार चिपा निघतात. कोंबडीच्या तंगडीचे हाड यात सर्वांत वाईट. त्या चिपा टाळूत रुततात, घशात अडकतात, आतड्याला भोक पाडतात. गल्लीतला कुत्रा सणानंतर दोन दिवसांनी कुठेतरी गाडीखाली जाऊन पडतो, त्याचे पोट कुणी उघडून पाहत नाही, म्हणून हाडांची बदनामी होत नाही इतकेच.

नळीची गोष्ट आणखी वेगळी. नल्ली-निहारीतली गोल कापलेली नळी, आतली मज्जा चोखून झालेली, कुत्र्यापुढे टाकली जाते. तो आतल्या उरल्यासुरल्या मज्जेसाठी जीभ घालतो, जबडा पुढे रेटतो आणि ते कडे खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे जाऊन पक्के बसते. मग ते ना पुढे येते ना मागे जाते. पशुवैद्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. गुंगीचे औषध देऊन कडे कापून काढावे लागते. पाळलेल्या कुत्र्याला कुणी नेणारा असतो. गल्लीतल्याला तोंड उघडता येत नाही, पाणी पिता येत नाही आणि घाबरून तो कुणाला जवळ येऊ देत नाही. नळ्या कागदात घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात गेल्या, तर एवढे सगळे टळते.

हाडाबरोबर चरबीही असते. ईदच्या दिवशी सकाळपासून येणारा-जाणारा प्रत्येक जण कुत्र्याला एक तुकडा देतो, तर्रीत बुडवलेला. एकाच दिवशी एवढे तूप-तेल-चरबी पोटात गेली, की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. उलट्या, पोटदुखी, पाठीची कमान करून उभे राहणे, ही त्याची खूण. हा आजार साधा नाही, यानेही कुत्रे दगावतात.

दुधाबद्दल एक वाक्य. म्हणींतल्या आणि गोष्टींच्या पुस्तकांतल्या मांजराने आपली फसगत केली आहे. बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. फालुदा आणि रबडी तर नकोच.

ताटापलीकडच्या काही गोष्टी पटकन सांगते. चॉकलेट कुत्र्याला बाधते, जितके काळे आणि कडू तितके जास्त. नानसाठी भिजवलेली खमिराची कणीक झाकून, वर ठेवावी. ती पोटात गेल्यावर उबेने फुगत राहते आणि आंबण्यातून तयार होणारा मद्यार्क रक्तात जातो. शुगर-फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाची गोडी असू शकते. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. खजुराचा गर विषारी नाही, पण बिया लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकतात. इफ्तारनंतर बियांची वाटी जमिनीवर राहू देऊ नये.

सहरीच्या वेळी आणखी एक सावधगिरी हवी. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी वडीलधारी मंडळी पहाटे अर्धवट झोपेत ताटाशेजारी गोळ्या काढून ठेवतात. गोळी घरंगळली तर शोधून उचलावी. आणि रोज्याने डोके दुखते म्हणून जी पॅरासिटामॉल आपण सहज घेतो, ती मांजराला कधीही देऊ नये. तिचा निचरा करणारी यंत्रणाच मांजराच्या यकृतात पुरेशी नाही. एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. मांजराला ताप आहे असे वाटून प्रेमाने पाव गोळी देणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून लिहिते.

मिठाईच्या खोक्याची सुतळी आणि कबाबावर गुंडाळलेला दोरा, मांजराला हे खेळणे वाटते. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकता येत नाही, आतच ओढला जातो. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचे टोक दिसले, तर ते ओढू नये. आत आतडे त्याच्यावर चुणीसारखे गोळा झालेले असते आणि ओढल्यावर कापले जाते. सरळ दवाखाना गाठावा. कबाबाच्या काड्या आणि रश्श्याने माखलेली ॲल्युमिनियमची फॉइल यांचे तसेच. वास अन्नाचा येतो, म्हणून ती गिळली जातात.

गाय, शेळी आणि उरलेला भात

सामुदायिक इफ्तार झाली, की देगीत भात आणि हलीम उरते. टाकवत नाही. अन्न टाकणे पाप, ही शिकवण सर्व घरांत सारखीच. मग ते कॅरीबॅगमध्ये बांधून कोपऱ्यावर ठेवले जाते, ‘गाय खाईल’ म्हणून. गाय खाते, पिशवीसकट. प्लास्टिक तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात साचत राहते. ते पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. कोपऱ्यावरच्या ढिगाकडे पाहून ती आहे असे वाटत नाही, हा भाग वेगळा.

पिशवी नसली तरी भात ही काही निरुपद्रवी वस्तू नाही. गाय, म्हैस, शेळी यांचे पोट चाऱ्यासाठी बनलेले आहे. शिजलेला भात, रोट्या, पाव, गव्हाचे हलीम असे पिठूळ अन्न एकदम पाटीभर पोटात गेले, की ते वेगाने आंबते आणि आम्ल वाढते. जनावर रवंथ करायचे थांबते, पोट फुगते, ते पडून राहते. दोन दिवसांत मरूही शकते. गावाकडे शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास देणे वेगळे आणि उरलेले पुरण पाटीने पुढे ओतणे वेगळे, हे घरातली म्हातारी माणसे सांगतात. शहरात शेळ्या बांधणाऱ्यांना मात्र सांगावे लागते. बकरी ईदच्या आधी महिना-पंधरा दिवस आणलेला बोकड घरातल्या प्रत्येक मुलाच्या हातून पाव, बिस्किट, चपाती खातो. लाडाचा बोकड ईदच्या आधीच आजारी पडतो, त्याचे कारण बहुधा याच लाडात असते. त्याला चारा हवा, सवयीचा, आणि धान्य दिलेच तर हळूहळू वाढवत.

उरलेले अन्न माणसांपर्यंत पोहोचवणे हा पहिला मार्ग. इफ्तार समित्यांनी स्टेशनवर, सरकारी दवाखान्याबाहेर रात्रीच डबे नेण्याची जबाबदारी दोघा-तिघांवर टाकली, तर सकाळी कोपऱ्यावर काही उरत नाही.

आता कुणी विचारेल, मग या पाहुण्यांना द्यायचे तरी काय? काहीच अवघड नाही. कोंबडी किंवा मटण पातेल्यात जायच्या आधी चार तुकडे बाजूला काढावेत. मीठ, कांदा, लसूण, मसाला काहीही न घालता पाण्यात शिजवावेत, हाड काढून टाकावे, हवा तर थोडा साधा भात मिसळावा. कुत्रा-मांजर दोघांनाही चालते. आमच्या घरी सासूबाईंनी यासाठी एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले कायमचे वेगळे ठेवले आहे. त्याला सगळे ‘बिल्लीवाली पतेली’ म्हणतात. आणि दाराबाहेर पाण्याचे मातीचे भांडे. पसरट, जड, कलंडणार नाही असे, रोज घासून भरलेले. रमजान उन्हाकडे झुकतो तेव्हा त्या भांड्याची किंमत कळते.

ईदच्या दिवशी घरात चाळीस माणसे येतात, दार सतत उघडे असते. पाळलेला प्राणी त्या गर्दीने बावरतो, पळून जातो, फटाक्याने घाबरून कुठेतरी दडतो. त्याला दुपारपर्यंत एका शांत खोलीत पाणी-पांघरूणासह ठेवणे म्हणजे कोंडणे नव्हे. आलेल्या मुलांना दारातच सांगावे, की याला काही द्यायचे असेल तर आधी मला विचार. मुले ऐकतात. मोठ्यांना दोनदा सांगावे लागते.

आणि तरीही काही खाल्ले गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नये. त्या मिठानेच जनावर दगावू शकते. तेल, दूध, लिंबू, हळद पाजत बसू नये. काय खाल्ले, अंदाजे किती, केव्हा, हे कागदावर लिहावे, पाकीट असेल तर बरोबर घ्यावे आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. पहिल्या दोन तासांत पोट रिकामे करता आले, तर पुढचे बरेच काही टळते. सणाच्या दिवशी दवाखाने बंद असतात, म्हणून आपले पशुवैद्य त्या दिवशी गावात आहेत का, नसतील तर कुणाकडे जायचे, हे आदल्या आठवड्यातच विचारून दोन क्रमांक फ्रिजच्या दारावर चिकटवावेत. गाय, म्हैस, शेळीसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांकही त्यातच लिहून ठेवावा.

चाँदरातीला काकूंचा पुन्हा फोन येईल, शीरखुर्म्यासाठी. या वेळी त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे, “दोन डबे पाठव. एक आमचा नेहमीचा. दुसऱ्यात नुसती उकडलेली कोंबडी, मोतीची ईदी.”